रूपाचे सत्य आणि अरूपाचे मौन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या धर्मसंस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा आनंदाबरोबर एक साधा प्रश्नही मनात यावयास हवा. पन्नास वर्षे पूर्ण झाली ती नेमकी कशाला? अर्धशतकात विश्वस्त बदलतात, इमारतीची डागडुजी होते, नवी फरशी बसते, पाठशाळेत शिकलेली मुले आजोबा होतात आणि लाल चोपड्यांची जागा संगणक घेतो. पहिल्या दिवशी जे होते त्यातील बहुतेक आज नसते. तरीही ‘ही तीच संस्था’ असे सर्वजण निःशंकपणे म्हणतात आणि ते खोटे नसते. उलट ‘ही आता पूर्वीची संस्था राहिली नाही’ असेही एखादे वयोवृद्ध श्रावक म्हणतात आणि तेही खोटे नसते. परस्परविरुद्ध दिसणारी ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी, याचा शोध घेऊ लागले की माणूस नकळत जैन तत्त्वज्ञानाच्या गाभ्यापाशी येऊन पोहोचतो.

प्रश्न संस्थेपुरता मर्यादित नाही. डोळ्यांना आकार दिसतात, जिभेला नावे येतात, हातांना विधी अवगत होतात. हे सर्व ठरलेले, मोजता-मापता येण्याजोगे असते. परंतु ज्याच्या कल्याणासाठी हा सारा खटाटोप, त्या आत्म्याला वर्ण नाही, गंध नाही, आणि त्याचा आकारही बोट दाखवून सांगता येत नाही. मग या ठरीव आकारांचा आणि त्या न सांगता येणाऱ्या सत्याचा संबंध काय? आकार हा सत्यावरील पडदा आहे, की सत्याकडे नेणारी पायरी?

हा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नव्हे. घरातील तरुण मुलगा जेव्हा विचारतो, ‘सिद्ध भगवंत अरूपी आहेत, तर मूर्तीसमोर उभे का राहायचे? समता मनात असते, तर घड्याळ लावून ४८ मिनिटे सामायिकाला का बसायचे?’ तेव्हा तो हाच प्रश्न विचारीत असतो. ‘आपल्याकडे रीत आहे म्हणून’ एवढेच उत्तर त्याला मिळाले, तर कालांतराने तो रीत सोडतो आणि तत्त्वही त्याच्या हाती लागत नाही. म्हणून या प्रश्नाला आचार्यांनी काय उत्तर दिले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

द्रव्य आणि पर्याय

भारतीय दर्शनांत या प्रश्नाची दोन ठळक उत्तरे आढळतात. अद्वैत वेदान्ताने निर्गुण, निराकार ब्रह्मालाच परमार्थ सत्य मानले आणि नामरूपांना केवळ व्यवहारापुरती सत्ता दिली. बौद्धांच्या क्षणभंगवादाने याच्या उलट भूमिका घेतली. प्रत्येक क्षणी सर्व काही नवे आहे, बदलांच्या मुळाशी टिकून राहणारे असे काही नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. एकाने बदलाला गौण केले, दुसऱ्याने स्थैर्याला.

जैन दर्शनाने दोन्ही बाजूंच्या अनुभवाचा मान राखला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सत् पदार्थाचे लक्षण सांगताना उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींना एकत्र स्थान दिले आहे. म्हणजे उत्पन्न होणे, नष्ट होणे आणि टिकून राहणे या तीन वेगवेगळ्या वेळच्या घटना नसून एकाच वस्तूच्या, एकाच क्षणीच्या तीन बाजू होत. जे टिकते ते द्रव्य; जे रूप येते आणि जाते तो पर्याय.

आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याला सोन्याचे उदाहरण दिले आहे. सुवर्णाचा घट मोडून मुकुट घडविला जातो. ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षित होतो आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो मध्यस्थ राहतो. घटना एक, पण मनाच्या अवस्था तीन. आणि तिन्हींना वस्तूत खरे कारण आहे. घट मोडणे हा भास असता तर दुःखाला आधार उरला नसता. सोने टिकलेच नसते तर मध्यस्थतेला आधार उरला नसता. त्याच ग्रंथात दुधाचेही उदाहरण आहे. केवळ दूधच घेण्याचे व्रत असलेला दही घेत नाही, दह्याचे व्रत असलेला दूध घेत नाही आणि गोरसाचाच त्याग केलेला दोन्ही घेत नाही. व्रती माणसाच्या ताटापर्यंत हे तत्त्वज्ञान पोहोचलेले आहे.

कापडाच्या व्यवहारातूनही हे समजून घेता येते. सूत असते, ते विणले की ताका होतो, ताका फाडून शिवला की सदरा होतो, सदरा विरला की घरातील फडके होते. सूत तेच, रूपे निराळी. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. सदऱ्याच्या पाठीमागे लपलेले, सदऱ्याहून वेगळे काढून ठेवता येईल असे ‘शुद्ध सूत’ कोणालाही दाखविता येणार नाही. सूत दाखवावयाचे म्हटले की ते गुंडीच्या, ताक्याच्या किंवा सदऱ्याच्या, कोणत्या ना कोणत्या रूपातच दाखवावे लागते. अर्थात सूत हाही पुद्गलाचा एक पर्यायच आहे, त्यामुळे दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच घ्यावयाचा. पण त्यातून निघणारा बोध पक्का आहे: पर्यायावाचून द्रव्य नाही आणि द्रव्यावाचून पर्याय नाही. रूप हे सत्याबाहेरचे नसते. सत्य ज्या रीतीने त्या क्षणी आहे, ती रीत म्हणजे रूप. मात्र कोणतेही एक रूप म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे.

शब्दाची मर्यादा

वस्तू अनंत धर्मांची आहे आणि शब्द एका वेळी एकच धर्म सांगू शकतो. या अडचणीतून स्याद्वादाचा जन्म झाला. इचलकरंजीला विणलेला सुती कापडाचा एक ताका समोर आहे असे समजा. स्वतःचे द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी तो ‘आहे’: सुती म्हणून आहे, या ठिकाणी आहे, आज आहे, या पोताचा आहे. परद्रव्य, परक्षेत्र, परकाल आणि परभाव यांच्या अपेक्षेने तो ‘नाही’: रेशमी म्हणून नाही, दुसऱ्या ठिकाणी नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ हे क्रमाने सांगता येते. परंतु दोन्ही धर्म एकदमच, एकाच शब्दाने, समान प्राधान्याने सांगावयाचे म्हटले तर भाषेत तसा शब्दच नाही. त्या ठिकाणी वस्तू ‘अवक्तव्य’ होते. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य या तीन मूळ अंगांच्या परस्पर संयोगांतून एकूण सात भंग होतात, हीच सप्तभंगी.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला, ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. स्याद्वाद हा संशयवाद नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका निश्चित अपेक्षेने’. म्हणून शास्त्रकार प्रत्येक भंगात ‘एव’ हा निश्चयवाचक शब्दही जोडतात. मराठीत सांगावयाचे तर अपेक्षा सांगून झाल्यावर ‘च’ लावावाच लागतो: सूत या अपेक्षेने हा ताका सुतीच आहे, तेथे शंकेला जागा नाही. अपेक्षा न सांगता लावलेला ‘च’ मात्र एकान्त होतो आणि भांडणास कारण ठरतो. गिऱ्हाईक दुकानातील दिव्याखाली रंग पाहते, मग तेच कापड दाराशी नेऊन सूर्यप्रकाशात पाहते. दोन्ही ठिकाणी रंग निराळा वाटतो. म्हणून कापडाला रंगच नाही असे कोणी म्हणत नाही. कोणत्या उजेडात पाहिले, हे सांगितले म्हणजे बोलणे पुरे होते.

दुसरा गैरसमज असा की ‘अवक्तव्य’ म्हणजे सत्याविषयी काहीच बोलू नये. तसे असते तर सप्तभंगी एकाच भंगात संपली असती. ‘अवक्तव्य’ हाही सातांतील एक भंग आहे आणि त्यालाही ‘स्यात्’ लागतो. म्हणजे न सांगता येणे हेसुद्धा एका अपेक्षेनेच खरे आहे. भगवान बुद्धांनी जगत् शाश्वत की अशाश्वत, अशा प्रश्नांना अव्याकृत म्हणून बाजूला ठेवले. भगवान महावीरांनी मात्र अपेक्षा स्पष्ट करून उत्तर दिले. भगवतीसूत्रात जीवाविषयी हाच प्रश्न येतो तेव्हा द्रव्याच्या दृष्टीने तो शाश्वत आणि भावाच्या, म्हणजे बदलत्या अवस्थांच्या दृष्टीने अशाश्वत, असा उलगडा केला आहे. मौनाला तेथे स्थान आहे, पण ते शब्दाचा शत्रू म्हणून नव्हे. शब्दाने आपले काम प्रामाणिकपणे केल्यानंतर जे उरते, त्याचा तो आदर आहे.

ज्याचा आकार सांगता येत नाही

आत्म्याच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच तीव्रतेने जाणवते. आचारांगसूत्राच्या पहिल्या श्रुतस्कंधातील पाचव्या अध्ययनाच्या शेवटी मुक्त आत्म्याचे वर्णन आहे. तेथून शब्द परत फिरतात, तर्क तेथे पोहोचत नाही. तो लांब नाही, आखूड नाही, वाटोळा किंवा चौकोनी नाही, असा त्या वर्णनाचा आशय आहे. श्वेतांबर परंपरेच्या या प्राचीन आगमाशी दिगंबर परंपरेतील आचार्य कुंदकुंदांचे वचन आश्चर्यकारक रीतीने जुळते. समयसारात आणि आपल्या इतरही ग्रंथांत त्यांनी आत्म्याला रस, रूप, गंध आणि शब्द यांपासून रहित म्हटले असून ‘अनिर्दिष्ट-संस्थान’ हे विशेषण दिले आहे. ज्याचा आकार निर्दिष्ट करता येत नाही, असा. वस्त्राच्या प्रश्नावर वेगळ्या झालेल्या दोन परंपरा या ठिकाणी एकाच शिखरावर उभ्या आहेत.

मग अशा अरूपी सिद्धांचे दर्शन घडवावयाचे कसे? दिगंबर मंदिरांतून काही ठिकाणी सिद्धप्रतिमा पाहावयास मिळते. धातूच्या पत्र्यातून उभ्या मानवाची आकृती कापून काढलेली असते. धातू असतो तो केवळ कडेला. जेथे देह असावयास हवा तेथे पोकळी असते आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. प्रतिमा आहे, पण ज्याची प्रतिमा आहे तो तिच्या धातूत नाही. तरीही ती कड नसती तर पाहणाऱ्याला तेथे केवळ मोकळी जागा दिसली असती, सिद्धांचे स्मरण झाले नसते. शास्त्रही सांगते की मुक्त जीवाला देह नसला तरी अंतिम शरीरापेक्षा काहीशी कमी अशी अवगाहना असते. त्या अज्ञात कारागिराने द्रव्यानुयोगाचा एक मोठा सिद्धांत पत्र्याच्या तुकड्यात उतरविला आहे.

स्थापनेचे प्रयोजन

आकाराची उपयुक्तता जैनाचार्यांनी ‘निक्षेप’ या सिद्धांतात मांडली. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार प्रकारांनी कोणत्याही वस्तूचा व्यवहार होतो. एखाद्या मुलाचे नाव ‘जिनदास’ ठेवले म्हणून तो जिनांचा दास होतोच असे नाही, हा नामनिक्षेप. मूर्तीत तीर्थंकरांची स्थापना करणे हा स्थापनानिक्षेप. ही स्थापना हुबेहूब आकाराची असू शकते किंवा बुद्धिबळातील हत्ती-घोड्यांप्रमाणे केवळ संकेताचीही असू शकते. पुढे तीर्थंकर होणारा जीव हा द्रव्यनिक्षेप, आणि प्रत्यक्ष तीर्थंकर-अवस्था हा भावनिक्षेप. चारही आपापल्या ठिकाणी खरे आहेत. चूक होते ती एकाला दुसऱ्याच्या जागी बसविल्याने.

स्थानकवासी परंपरेने मूर्तिपूजा स्वीकारली नाही. परंतु रूपापासून सुटका तिनेही मानलेली नाही, कारण ती कोणालाच शक्य नाही. नमस्कारमंत्र हे ध्वनीचे रूप आहे, मुखवस्त्रिका हे संयमाचे रूप आहे, आणि सामायिक हे काळाचे रूप आहे. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. समतेला मिनिटे नसतात हे खरे. घड्याळ ४८ मिनिटे पूर्ण झाल्याचे सांगते, समता साधली की नाही हे सांगत नाही. पण चंचल मनाला एवढीही चौकट दिली नाही, तर समतेचा विचार उद्यावर जातो आणि तो उद्या कधीच उजाडत नाही.

हिशेबाच्या वहीचा जाणकार हे लगेच ओळखील. ३१ मार्चचा ताळेबंद हा पेढीचा एका दिवसाचा पर्याय आहे. तो खोटा नाही. खोटा असेल तर गुन्हा होतो. पण तो म्हणजे पेढी नव्हे. पेढीची पत, मालकाचा शब्द, मुनीमजींची निष्ठा, तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक यांचे आकडे कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. ताळेबंदालाच पेढी समजणारा फसतो आणि ‘खरी पत आकड्यांत नसते’ असे म्हणून वह्या लिहिणे बंद करणाराही बुडतो.

बनारसीदासांची कथा

या दुसऱ्या प्रकारच्या बुडण्याचे प्रांजळ चित्र एका जैन व्यापाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे श्वेतांबर परंपरेतील श्रीमाल कुळात झाला. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. व्यापारात त्यांना खोट आली, पुष्कळ चढउतार सोसावे लागले. या सर्वांचा वृत्तान्त त्यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात लिहिला. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून, वयाच्या ५५ व्या वर्षी लिहिलेली ही अर्धी कथा आहे.

मध्यम वयात त्यांच्या हाती समयसाराची टीका पडली. शुद्ध आत्मा क्रियेच्या पलीकडे आहे, हे वाचून ते भारावून गेले. समयसारात तर निश्चयाच्या दृष्टीने प्रतिक्रमणालाही विषाचा घट म्हटले आहे. बनारसीदासांनी जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण सर्व सोडून दिले. देवाला चढविलेला नैवेद्यही ते खाऊ लागले. तीन मित्रांसह ते बंद खोलीत वस्त्रे उतरवून फिरत आणि ‘आम्ही मुनी झालो’ असे म्हणून हसत. रूप टाकल्याने अरूप हाती लागेल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात रूप गेले आणि अरूपही मिळाले नाही. उरली ती थट्टा. ही अवस्था काही वर्षे टिकली आणि लोकांत त्यांची निंदा झाली. विशेष हे की, हे सारे त्यांनी स्वतःच, काही न लपविता लिहिले आहे.

पुढे पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले. त्यातून चौदा गुणस्थानांची व्यवस्था बनारसीदासांसमोर उलगडली. ज्या पायरीवर जीव उभा आहे, त्या पायरीला साजेसे ज्ञान आणि त्या पायरीला साजेशी क्रिया, असा त्या विवेचनाचा मथितार्थ होता. वरच्या पायरीवर जे गळून पडते ते खालच्या पायरीवर सोडून द्यावयाचे नसते. अमृतचंद्राचार्यांनीही त्या विषकुंभाच्या वचनाचा अर्थ याच रीतीने लावला आहे: ते साधकाला वर चढविण्यासाठी आहे, खाली घसरण्याची सबब म्हणून नव्हे. बनारसीदास शांत झाले. ज्या ग्रंथाने ते वाहवले होते, त्याच ग्रंथावर त्यानंतर त्यांनी ‘समयसार नाटक’ लिहिले. रोग आणि औषध एकाच ग्रंथात होते, फक्त मात्रा चुकली होती.

कुंदकुंदाचार्यांनी स्वतःच हा धोका ओळखला होता. समयसाराच्या आरंभीच त्यांनी म्हटले आहे की परकीय माणसाला त्याच्या भाषेवाचून काही समजाविता येत नाही, त्याप्रमाणे व्यवहारावाचून परमार्थाचा उपदेश करता येत नाही. व्यवहार ही परमार्थाची बोली आहे. बोली म्हणजे अर्थ नव्हे. पण बोली टाकून दिली तर अर्थ कोणाला सांगावयाचा?

रूपाचा अतिरेक

दुसऱ्या बाजूचा दोषही तितकाच घातक आहे. अठराव्या शतकात जयपूरचे पंडित टोडरमल यांनी ‘मोक्षमार्गप्रकाशक’ ग्रंथात केवळ निश्चयाचा आभास धरणारे आणि केवळ व्यवहाराचा आभास धरणारे, अशा दोघांचेही सविस्तर परीक्षण केले आहे. समाजात पहिल्या प्रकारचे लोक थोडे असतात, दुसऱ्या प्रकारचे पुष्कळ. ओळी पूर्ण झाल्या, वरघोडा निघाला, बोलीचा आकडा मोठा झाला, पाटीवर नाव कोरले गेले आणि भाऊबंदकीचा खटला मात्र तसाच चालू राहिला, तर क्रिया झाली पण क्रियेचे फळ वाटेतच अडले.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे महाराष्ट्रातील प्राचीन तीर्थ. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा असल्याने ‘अंतरिक्ष’ हे नाव पडले. दोन्ही संप्रदायांना ती पूज्य. पूजेचा अधिकार आणि मूर्तीचे स्वरूप यांवरून वाद वाढत गेला, १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. या सुमारे ४२ वर्षांत एक पिढी जन्मली, मोठी झाली आणि तिने ते दार बंदच पाहिले. कोणाची बाजू बरोबर, हा येथील विषय नाही. तो न्यायालयाचा विषय आहे. येथे एवढेच म्हणावयाचे आहे की ज्या भगवंतांना आकाराने सांगता येत नाही, त्यांच्या आकारावरून त्यांचेच उपासक परस्परांना पारखे झाले. मूर्ती अधांतरी राहिली. जमिनीला टेकली ती माणसांची मने. अनेकान्त हा ज्या समाजाचा जगाला दिलेला ठेवा, त्या समाजाने हा प्रसंग विसरू नये.

गौतमस्वामींचा स्नेह

मग रूपाला धरावयाचे किती आणि सोडावयाचे केव्हा? याचे उत्तर सिद्धांतापेक्षा एका जीवनातून अधिक स्पष्ट होते. इंद्रभूती गौतम हे भगवान महावीरांचे पहिले गणधर. ज्ञानाने अगाध, विनयाने नम्र. श्वेतांबर परंपरा सांगते की त्यांनी दीक्षा दिलेल्या अनेकांना केवलज्ञान झाले, पण स्वतः त्यांना होत नव्हते. कारण एकच: भगवंतांच्या ठायी असलेला स्नेह. तो कोणत्याही हीन वस्तूविषयीचा मोह नव्हता, या पृथ्वीवरील सर्वांत मंगल रूपाविषयीचा होता. तरीही तो बंधच होता.

कार्तिक अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे भगवंतांचे निर्वाण झाले. देवशर्मा नावाच्या ब्राह्मणास उपदेश करण्यासाठी गौतम दुसऱ्या गावी गेले होते. परतताना ही वार्ता त्यांच्या कानी आली आणि ते शोकाकुल झाले. अखेरच्या क्षणी मला दूर का पाठविले, असा प्रश्न त्यांच्या मनात उठला. मग त्याच शोकातून विचार जागा झाला: वीतरागाला स्नेह कसला, आणि मी कोणाला धरून बसलो आहे? तो बंध तुटला आणि त्यांना केवलज्ञान झाले.

गौतमांनी तीस वर्षे भगवंतांची सेवा केली ती व्यर्थ होती काय? मुळीच नव्हे. त्या रूपाने त्यांना दारापर्यंत आणले. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘मला देहधारी गुरू नको, मला अरूप आत्मा हवा’ असे म्हटले असते तर ते दार त्यांना दिसलेच नसते. आणि अखेरच्या दिवशी त्यांनी रूप सोडले नसते तर दाराशीच उभे राहिले असते. पिकलेले फळ देठातून सुटते. कच्चे फळ ओढून तोडावे लागते आणि ते गोड होत नाही.

दिवाळीला चोपडापूजन होते. अनेक जैन पेढ्यांवर नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीची प्रार्थना लिहिली जाते. लक्ष्मीची इच्छा गृहस्थाला असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या रात्रीचे ते स्मरण आहे, त्या रात्री गौतमस्वामींनी मिळविले ते सोडून मिळविले, हे त्या पहिल्या पानाकडे पाहताना व्यापाऱ्याच्या ध्यानात राहावे. मग पुढील पानांवरील आकडेही त्याला नीट दिसू लागतील: खरे म्हणून, काटेकोर म्हणून, आणि तरीही आपले सर्वस्व नव्हे म्हणून.

समारोप

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. तरुण मुलगा विचारतो, सिद्ध अरूपी असतील तर मूर्ती कशाला? त्याला सांगावे की मूर्ती भगवंतांसाठी नाही, पाहणाऱ्यासाठी आहे. जोपर्यंत त्याला स्वतःला देह आहे, नाव आहे, भूक आहे, तोपर्यंत त्याला रूपाच्याच वाटेने चालावे लागेल. फक्त वाटेवर घर बांधू नये. आणि त्याला हेही सांगावे की त्याने प्रश्न विचारला हे चांगले केले, कारण प्रश्न न विचारता केलेली क्रिया ही नामनिक्षेपातच राहून जाते.

संस्थेला पन्नास वर्षे झाली ती कशाला? इमारत, घटना, विश्वस्त मंडळ, ही स्मरणिका हे सर्व पर्याय आहेत. ते खरे आहेत, म्हणून त्यांची निगा राखावयाची, हिशेब चोख ठेवावयाचे, पाठशाळेचे छत गळू द्यावयाचे नाही. ज्या साधर्मिक भावनेतून हे पर्याय आकाराला आले, ती कोणत्याही ठरावात पूर्णपणे शब्दबद्ध करता येत नाही. पण रात्री-अपरात्री एखाद्या अडलेल्या कुटुंबासाठी कार्यकर्ता दार ठोठावतो, आजारी वृद्धेला कोणी नवकार ऐकवितो, दोन रुसलेले भाऊ संवत्सरीला एकमेकांसमोर हात जोडतात, तेव्हा ती तेथे असते. पुढील पन्नास वर्षांत पर्याय बदलतील, बदलावयासच हवेत. त्यांच्या बदलण्याचा शोक न करता आणि त्यांची अवहेलनाही न करता, जे टिकावयास हवे ते टिकविण्याचे बळ या संघास लाभो.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.